बारा कथा, एक मत

कादंबरी वाचून झालेल्या माणसाला ‘कशी वाटली?’ असं विचारलं तर तो लगेच बोलू लागतो. हाच प्रश्न कथासंग्रहाबद्दल विचारला की तो घोटाळतो. थोडं आठवून म्हणतो, ‘त्यात ती एक कथा आहे बघा, त्या म्हातारीची...’ किंवा मग सगळ्या कथांना मिळून एकच विशेषण लावून मोकळा होतो: उदास, एकसुरी, अवघड, सुंदर. पहिल्या उत्तरात एक कथा उरते आणि बाकीच्या गळून पडतात. दुसऱ्या उत्तरात एकही उरत नाही. कथासंग्रहांविषयी वाचकांची मतं ऐकताना हे मला सतत जाणवत आलं आहे. वाचक आळशी झाला आहे, असं म्हणून अनेक जाणकार ते झटकून टाकतात. मला तसं वाटत नाही. कथा एकटी लिहिली जाते, एकटी छापली जाते आणि मग कधीतरी इतर कथांबरोबर एका पुठ्ठ्यात बांधली जाते. वाचकाचं घोटाळणं या प्रवासातून आलेलं आहे, आणि ते कान देऊन ऐकलं तर कथेबद्दल पुष्कळ कळतं.

बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ने हा विषय माझ्यापुरता पुन्हा उघडला. हासनमध्ये राहणाऱ्या, वकिली करणाऱ्या, कन्नडमधल्या बंडाय चळवळीत घडलेल्या या लेखिकेच्या बारा कथा दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणल्या आणि मे २०२५ मध्ये त्या पुस्तकाला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं. २०१६ पासून हे पारितोषिक एकेका अनुवादित पुस्तकाला दिलं जातं. तेव्हापासून एखाद्या कथासंग्रहाला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ, आणि कन्नड पुस्तकाला मिळण्याचीही पहिलीच. बातमी आली आणि एरवी कथासंग्रहाच्या वाटेला न जाणाऱ्या पुष्कळांनी हे पुस्तक विकत घेतलं. आमच्या पुस्तकभिशीतही ते आलं. पारितोषिकाचं पुस्तक म्हणून सगळ्यांनी ते कादंबरीसारखं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सलग वाचून काढलं. मग मतं आली.

सर्वांत जास्त ऐकू आलेलं मत असं होतं: पहिल्या दोन-तीन कथांनी हलवून सोडलं, पण नंतरनंतर कथा सुरू होतानाच शेवट दिसू लागला. बाई सोसते, नवरा दुसरीकडे वळतो, माहेर दार लावून घेतं, मशिदीचा मुतवल्ली ऐकून न ऐकल्यासारखं करतो. सहावी-सातवी कथा येईपर्यंत मन बधिर होतं. दुसरं मत भाषेबद्दल होतं. भास्तींनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरप्या टायपात टाकलेले नाहीत आणि तळटीपाही दिलेल्या नाहीत. काहींना त्यामुळे ठेच लागली. काहींना मात्र ते घर आपल्या शेजारचं वाटलं. तिसरं मत जरा चढ्या आवाजात आलं: यातले सगळे पुरुष वाईटच कसे?

भाषेच्या मताबद्दल फार बोलायची गरज नाही. मिरज, सोलापूर, नांदेडच्या वाचकाला या पुस्तकातल्या निम्म्या शब्दांची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांसाठी थोडी वाट पाहिली की संदर्भाने अर्थ लागतो. पहिलं मत मात्र मला सोडवेना. ‘एकसुरी’ हा शब्द वापरणारी माणसं गंभीर वाचक होती. त्यांनी कथा चाळल्या नव्हत्या. त्यांना जे जाणवलं ते खरोखरच जाणवलं होतं.

या बारा कथा १९९० ते २०२३ या काळात लिहिल्या गेल्या. तेहेतीस वर्षं. हासनच्या एखाद्या वाचकाने त्यातली एक नव्वदच्या दशकात वाचली असेल, तिच्यावरून घरात भांडला असेल, मग ती विसरलाही असेल. पुढची कथा त्याच्या हाती आली तेव्हा मध्ये एखादी निवडणूक, एखादं लग्न, एखादा दुष्काळ होऊन गेला असेल. त्याला ही दुसरी कथा पहिलीची नक्कल वाटली नसेल. ‘अजून हे चालूच आहे’ असं वाटलं असेल. आपण त्याच कथा एका आठवड्यात वाचल्या. तेहेतीस वर्षांचं दुःख सात दिवसांत प्यायलो आणि चव एकच आहे म्हणून तक्रार केली. तक्रार खोटी नाही, पण तिचा अर्धा भाग आपल्या पिण्याच्या घाईबद्दल आहे.

ही गोष्ट दिवाळी अंकाच्या वाचकाला समजावून सांगावी लागू नये. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं पहिलं घर बहुतेक वेळा अंक हेच राहिलं आहे. अंकातल्या कथेच्या आधी एखादी कविता असते, नंतर एखादा प्रवासलेख, मध्ये साड्यांच्या आणि सोन्याच्या जाहिराती, शेवटी राशिभविष्य. त्या गर्दीत कथा एकटी उभी असते. तिच्या लेखकाची दुसरी कथा लगोलग वाचायला मिळत नाही, त्यामुळे वाचक तीच पुन्हा वाचतो. घरात अंक एकच असला तर तो हातोहात फिरतो, आणि मत तयार होतं ते चार माणसांच्या बोलण्यातून. काही वर्षांनी त्याच कथा पुस्तकात येतात तेव्हा शेजार बदललेला असतो. आता तिच्या दोन्ही बाजूंना त्याच लेखकाच्या कथा. कालपर्यंत जी एकटी बोलत होती तिला आता समूहात बोलावं लागतं.

जी. ए. कुलकर्णी यांच्या वाचकांमध्ये ही फट जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसऱ्या कुणाच्या. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या, सभा-संमेलनं टाळणाऱ्या या लेखकाचे ‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२), ‘रक्तचंदन’ (१९६६), ‘काजळमाया’ (१९७२), ‘पिंगळावेळ’ (१९७७) असे संग्रह येत गेले. त्यांची कथा अंकातून, वर्षा-सहा महिन्यांच्या अंतराने वाचणारे वाचक मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते एकेका कथेबद्दल बोलतात. त्यांना कथेतली माणसं नावानिशी आठवतात, घराचा उंबरा आठवतो, उन्हाचा रंग आठवतो. दुसरीकडे जी. ए. कॉलेजात, अभ्यासक्रमात, एखाद्या सत्रात एकदम वाचलेले वाचक आहेत. म. द. हातकणंगलेकरांनी निवडलेल्या ‘डोहकाळिमा’सारख्या पुस्तकातून त्यांची भेट झालेली असते. ते ‘नियती’बद्दल बोलतात. जी. एं.च्या कथेत माणसाचं काही चालत नाही, सगळीकडे काळोख आहे, प्रतिमा फार आहेत. हे मत इतकं पसरलं की न वाचलेली माणसंही ते ठामपणे सांगतात.

‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ घ्या. वाटेवरचा एक माणूस एका मठात नेला जातो आणि तळघरात कोंडला जातो. बाहेरच्या भक्तांना एक स्वामी हवा असतो, म्हणून हा स्वामी. त्या कोंडीत तो एक वेल वाढवतो आणि ती वेल झरोक्यातून उजेडाकडे जाते. ही कथा एकटी वाचणाऱ्याच्या मनात शेवटी वेल राहते, हे मी अनेकदा अनुभवलं आहे. तो माणूस हरला की जिंकला यावर दोन वाचक तासभर बोलू शकतात. तीच कथा चार-पाच काळोख्या कथांनंतर वाचली की मनात तळघर राहतं, मठाच्या भिंती राहतात; वेल ही त्या भिंतीवरची नक्षी होऊन बसते. कथा एकच, शब्द तेच. वाचकाने आधी काय वाचलं होतं त्यावर तिचा शेवट बदलतो. जी. ए. निराशावादी आहेत असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच सुचवतो की ‘स्वामी’ काढून घ्या, बाकीचं पुस्तक बंद ठेवा, आणि ती एकटीच वाचा. त्यांचं मत बदलेलच असं नाही. पण त्यानंतर ते जे बोलतात ते त्या कथेबद्दल असतं.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे फार नेमकं लागू पडतं. शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ ही कथा ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या २६ जून १९४८ च्या अंकात आली. एका साध्या गावात दरवर्षी चिठ्ठ्या काढल्या जातात आणि ज्याची चिठ्ठी निघते त्याला गावकरी दगडांनी ठेचतात, एवढीच ती कथा. त्या उन्हाळ्यात जॅक्सनबाईंना तीनशेवर पत्रं आली. त्यांत प्रेमाने लिहिलेली तेराच, आणि तीही बहुतेक मित्रमंडळींची, असं त्यांनी पुढे एका व्याख्यानात सांगितलं. बाकीच्यांत गोंधळ होता, तर्क होते आणि सरळ शिव्या होत्या. काहींनी अंकाची वर्गणी बंद केली. काहींनी विचारलं की या सोडती कुठल्या गावात होतात आणि त्या बघायला जाता येतं का. पुढच्याच वर्षी ही कथा पुस्तकात आली तेव्हा ती सर्वांत शेवटी ठेवली होती. तिथवर पोहोचलेल्या वाचकाला या लेखिकेचा हात ओळखीचा झालेला असतो. शांत रस्त्यावरची सभ्य माणसं कशी वागू शकतात हे त्याने आधीच्या कथांतून पाहिलेलं असतं. अंकात वाचणाऱ्याच्या अंगावर ती कोसळली. पुस्तकाचा वाचक तयारीने तिला सामोरा गेला. पुस्तकाच्या वाचकाला ती जास्त कळली असेल, पण पत्र लिहिण्याइतकी तळमळ अंकाच्या वाचकाला वाटली. मला दोन्ही वाचनं हवी आहेत, पण पहिलं आधी हवं.

इथे मला स्वतःच्याच म्हणण्याला थोडं अडवायला हवं. ‘एकसुरी’ ही तक्रार केवळ वाचण्याच्या रीतीची आहे, असं म्हणून मी सुटू शकत नाही. संग्रह बांधणं हीही एक कृती आहे, आणि निवड करणाऱ्याने बारा कथा शेजारी ठेवल्या की त्यांचा एकत्रित आवाज होणारच. प्रश्न आहे तो आवाज ऐकायचा कसा. न्यायालयात एकाच गावातल्या बारा बायकांनी बारा वेगवेगळ्या दिवशी येऊन साधारण सारखीच जबानी दिली तर न्यायाधीश ‘तोचतोचपणा’ म्हणून ती फेटाळत नाही. उलट त्या सारखेपणामुळेच जबानीला वजन येतं. बानू मुश्ताक वकील आहेत, आणि त्यांच्या कथा वाचताना मला हे विसरता येत नाही. मात्र साक्षीचा नियम साहित्याला जसाच्या तसा लावता येत नाही हेही खरं. साक्षीला नवेपण लागत नाही, कथेला लागतं. म्हणून सारख्या दुःखातल्या कुठल्या कथेत काही नवं घडतं, हे शोधणं वाचकाचं काम आहे, आणि ते काम ‘एकसुरी’ म्हणून थांबणाऱ्याने अर्ध्यावर सोडलेलं असतं.

आमच्या भिशीत ते काम एका मुस्लिम शिक्षिकेने पुरं केलं. तिसऱ्या मतावर, म्हणजे ‘सगळे पुरुष वाईट’वर, चर्चा तापली होती. त्या बराच वेळ बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, ‘मला यातलं फारसं नवीन नव्हतं. माझ्या आत्याच्या घरी हे सगळं घडून गेलंय. नवीन होती ती कफनाची कथा. कारण त्यात चुकते ती बाईच.’

त्या कथेत शाझिया ही सुस्थितीतली बाई नवऱ्याबरोबर हजला निघते. यासीन बुआ नावाची एक गरीब विधवा पै पै साठवलेले पैसे तिच्या हातात ठेवून विनवते की मक्केहून झमझमच्या पाण्यात भिजवलेलं कफन माझ्यासाठी आण. शाझिया हो म्हणते. तिकडे गेल्यावर यात्रा, खरेदी, गालिचा या सगळ्यात कफन राहून जातं. परत आल्यावर म्हातारी विचारायला येते. पुढे ती जाते, आणि तिचा मुलगा दारात येऊन तेच कफन मागतो. कुणी कुणाला मारलेलं नाही, टाकलेलं नाही, दुसरं लग्न केलेलं नाही. एक भली बाई दुसऱ्या बाईची एक गोष्ट विसरली आहे. शिक्षिकाबाईंचं म्हणणं होतं की बाकीच्या कथांत वाचणारी बाई सोसणाऱ्या बाईच्या बाजूला सहज जाऊन बसते; इथे तिला शाझियाच्या जागी बसावं लागतं. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईने सांगितलेलं एखादं काम आपण असंच विसरलेलो असतो. त्यांचं बोलणं संपल्यावर ‘सगळे पुरुष वाईट’ हा मुद्दा कुणी पुन्हा काढला नाही, कारण एका कथेने त्याचं उत्तर दिलं होतं. ते उत्तर बाराही कथा एका विशेषणात बांधणाऱ्यांच्या हाती लागलं नव्हतं.

मग इतरही कथा एकेकट्या उभ्या राहू लागल्या. ‘शाइस्ता महल’च्या कथेत नवरा बायकोवरच्या प्रेमाच्या गोष्टी इतक्या करतो की ऐकणाऱ्याला लाज वाटावी, बाळंतपणानंतर ती जाते आणि थोड्याच दिवसांत घरात कोवळ्या वयाची नवी नवरी येते. आम्ही पहिल्या वाचनात नवऱ्यावर चिडलो होतो. दुसऱ्या वेळी सगळ्यांचं लक्ष थोरल्या मुलीकडे गेलं, जिने शाळा सोडून भावंडं सांभाळायला घेतलेली असतात. लाल लुंगीच्या कथेत सुंता झालेला गरिबाघरचा मुलगा झटकन बरा होतो आणि डॉक्टरकडे नेलेल्या श्रीमंताघरच्या मुलाची जखम चिघळते; इथे तर बाई-पुरुष हा मुद्दाच नाही, पैशाचा आहे. शेवटची कथा, ज्यात एक बाई परमेश्वरालाच साकडं घालते, मला स्वतःला कमी आवडली. ती थेट बोलते, आणि थेट बोलण्याचा हक्क तिला असला तरी कथा म्हणून ‘कफन’ तिच्यापेक्षा कितीतरी खोल आहे. भिशीतल्या निम्म्या जणींना उलट वाटतं. या मतभेदात मला आनंद आहे, कारण तो दोन कथांबद्दल आहे.

‘सगळे पुरुष वाईट’ या मतामागची ‘अतिरेक’ ही तक्रार मराठीत पूर्वीही झाली आहे. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये आला. त्या कथांतला संताप, त्यातली हाणामारी, त्या वाक्यांचा धसमुसळा वेग अनेक वाचकांना सोसवला नाही. कलेचा संयम कुठे आहे, असा प्रश्न आला. आणि त्याच पुस्तकात आपली वस्ती, आपली आई, आपली खोली शोधताना झालेली विचारपूस ओळखणारे वाचकही होते. बागुलांनी स्वतः सुरतेत जात लपवून राहण्याचा काळ काढला होता. एका बाजूला जे अतिरंजित वाटलं ते दुसऱ्या बाजूला रोजचं होतं. यातून ‘ज्याने भोगलं त्याचंच मत खरं’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. वर सांगितलेल्या शिक्षिकेने ओळखीच्या दुःखाला नवीन मानलं नाही. तिने कथेतलं नवेपण वेगळीकडे दाखवलं. जवळचा वाचक सर्वांत कठोर टीकाकारही असू शकतो. पण लांबच्या वाचकाने ‘हे जरा जास्तच’ असं म्हणताना ते जास्त नेमकं कुणाच्या मापाने आहे, एवढं स्वतःला विचारावं, ही अपेक्षा रास्त आहे.

वाचकाच्या मतांत सर्वांत कमी किंमत दिली जाते ती ‘मला कळली नाही’ या मताला, आणि मला ते सर्वांत प्रामाणिक वाटतं. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांची नवकथा येऊ लागली तेव्हा ना. सी. फडक्यांच्या तंत्रशुद्ध कथेवर वाढलेले वाचक म्हणू लागले की यात काही घडतच नाही, ही गोष्टच नव्हे. त्यांना तेव्हा मागासलेलं ठरवलं गेलं. आज शांतपणे पाहिलं तर त्यांचं वर्णन अगदी बरोबर होतं. त्या कथांत बाहेर खरोखरच फारसं घडत नव्हतं. जे घडायचं ते माणसाच्या आत. नवकथेचं मर्म तिच्या विरोधकांनीच पहिल्यांदा बोटाने दाखवलं, फक्त त्यांनी त्याला दोष म्हटलं. वाचकाची तक्रार मी अशीच ऐकतो. ती वर्णन म्हणून बहुधा खरी असते आणि निवाडा म्हणून घाईची. ‘एकसुरी’, ‘काळोखी’, ‘अतिरेकी’, ‘गोष्टच नाही’ ही चारही विशेषणं त्या त्या लेखकाच्या कथेतल्या खऱ्या गुणधर्माला जाऊन भिडलेली आहेत. टीकाकाराने वाचकाला गप्प बसवण्याऐवजी तिथून पुढे बोलायला सुरुवात केली असती तर मराठीत कथेचा वाचक आज इतका बुजलेला दिसला नसता.

बुजलेला आहे हे मात्र खरं. कुठल्याही वाचनालयात विचारा, कथासंग्रह कपाटात राहतात आणि कादंबऱ्या, चरित्रं बाहेर फिरतात. जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा. दोन्ही कथासंग्रह, दोन्ही आपल्या काळाचे महत्त्वाचे. तरीही गिरणगावाच्या पडझडीबद्दल किंवा मराठवाड्यातल्या गावाबद्दल बोलणारा माणूस या कथांतल्या एखाद्या माणसाचं नाव घेतोय, असं क्वचितच ऐकू येतं. पुस्तकाचं नाव ठाऊक असतं, पुरस्कार ठाऊक असतो, कथा ठाऊक नसते.

पुस्तकाभोवती उठणारा गाजावाजा वाचकाचं मत म्हणून मोजला जातो, तेही नुकसान करतं. ‘काजळमाया’ला १९७३ चा अकादमी पुरस्कार मिळाला आणि प्रकाशनाच्या तारखेवरून असा वाद झाला की जी. एं.नी पुरस्कार परत केला. त्या काळच्या बोलण्यात तारखा भरपूर होत्या, ‘विदूषक’सारख्या कथेबद्दल फार कमी. जयंत पवारांच्या एका कथेवरून २०२२ मध्ये आलेल्या चित्रपटाच्या झलकेवर मोठा गदारोळ झाला. त्यातल्या किती जणांनी मूळ कथा उघडली असेल, याची मला शंका आहे. हे चित्रपटाविरुद्ध बोलणं नव्हे. गिरीश कासरवल्लींनी बानू मुश्ताक यांच्या कथेवर २००४ मध्ये ‘हसीना’ केला, अमोल पालेकरांनी जी. एं.च्या ‘कैरी’वर त्याच नावाचा चित्रपट केला. दोघांनीही संग्रहातून एकच कथा उचलली आणि तिच्याजवळ बराच काळ थांबले. चांगल्या वाचकाने करावं तेच त्यांनी केलं.

पूर्वी हे थांबणं पत्रात दिसायचं. जी. ए. माणसांना भेटायचं टाळत, पण पत्रं भरभरून लिहीत. त्यांच्या पत्रांचे खंड छापून आले आहेत, आणि सुनीता देशपांड्यांची त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ म्हणून आपल्यापुढे आहेत. पत्र लिहायला बसलेला वाचक ‘पुस्तक छान’ एवढ्यावर थांबू शकत नाही. पान भरायचं असतं, म्हणून त्याला कथेत परत जावं लागतं, आपण कुठे अडलो ते शोधावं लागतं. आज मत देण्याची सोय वाढली आणि जागा आकसली. पाचपैकी साडेतीन चांदण्या हे बारा कथांच्या पुस्तकाबद्दलचं मत असूच शकत नाही. ती सरासरी आहे, आणि सरासरीत ‘कफन’ आणि शेवटची कथा एकमेकींना पुसून टाकतात.

म्हणून आमच्या भिशीत आता एका बैठकीला एकच कथा असा नियम केला आहे. पुस्तक कुणी पुरं वाचलं तरी चालेल, पण बोलायचं एकाच कथेबद्दल, आणि बोलताना त्या कथेतली एक जागा दाखवायची. दिवाळी अंकांच्या संपादकांनाही माझी विनंती आहे की पुढच्या वर्षीच्या अंकात दोन पानं वाचकांना द्यावीत, गेल्या अंकातल्या एकाच कथेवर लिहिण्यासाठी. त्यात ‘कळली नाही’ असं लिहिणाऱ्याला पहिलं स्थान द्यावं, मात्र कुठल्या वाक्यापाशी कळेनाशी झाली ते त्याने सांगावं.

नव्या नियमानंतर आम्ही सुरुवात ‘कफन’पासूनच केली, आणि ती बैठक निकालाविना उठली. माझं म्हणणं असं होतं की शाझियाला अपराध कळला, ती रडली, आणि कथा तिला तिथे माणूस म्हणून स्वीकारते. शिक्षिकाबाईंना ते मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते शाझियाचं रडणं हीसुद्धा श्रीमंतीच आहे. यासीन बुआला रडायला वेळ नव्हता, तिला पैसे साठवायचे होते. त्यांनी मला गालिच्याची जागा पुन्हा वाचायला सांगितली आहे. मी ती वाचली. त्या खरेदीत शाझियाच्या डोळ्यांसमोर म्हातारीचा चेहरा एकदा येऊन गेला असता तर माझं म्हणणं टिकलं असतं. पुढच्या बैठकीत मी हे कबूल करणार आहे, पण शेवटच्या प्रसंगापुरता माझा हट्ट सोडणार नाही: मुलगा दारात उभा असताना शाझियाला जे कळतं ते उशिरा कळतं, खोटं नाही.